मागे पडणारा टायमर

न्हाणीबाहेरच्या बोळीतल्या भिंतीवरचा गिझरचा जुना टायमर काढण्याआधी मनोज इलेक्ट्रिशियनने सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग टायमरच्या गोल तबकडीकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

"गोपालभाऊ, हा तं बरोबर टाइम दाखवून राह्यला."

"मंग? टायमर हाय तो," गोपाल म्हणाला.

"तसं नाई. हा लाइनवर चालते. लाइन गेली का थांबते, अन् आली का जिथं थांबला तिथून चालते. आज दुपारभर लाइन नव्हती तुमच्या गल्लीत. कालबी नव्हती. हा मांगं पडाले पाह्यजे."

गोपालला हे ठाऊक होतं. सगळ्या घराला ठाऊक होतं. अमरावतीत लाइन जाणार, टायमर मागे पडणार, आणि लाइन आली की त्याचे वडील नत्थुजी हातातली भाकर ठेवून उठणार, चष्मा कपाळावर चढवून तबकडी पुढे सरकवणार, कर्र, कर्र. सकाळचं पाणी वेळेवर तापलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. त्यांची तेरवी दिवाळीआधीच झाली. आता थंडी पडली होती आणि तबकडी फिरवत कोण बसणार, म्हणून गोपालने हा डिजिटल टायमर आणला होता.

"कोण फिरवते याले?" मनोजने विचारलं.

"सीमा फिरवत असन."

गोपालची बायको सीमा स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. "मी? मले वाटलं आई फिरवतात. आवाज तं रोज येते."

तिघांनीही गोपालच्या आईकडे, गोदाबाईंकडे पाहिलं. त्या बोळीत पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर करून उंचावरच्या टायमरकडे पाहिलं.

"माहा हात पोचते का तिथं?" एवढंच म्हणून त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

एरवी कामापेक्षा गप्पाच जास्त करणाऱ्या मनोजने पुढचं काम झपाट्याने उरकलं. नवा टायमर त्याने जरा खाली बसवला, आजींच्या हाताला येईल असा. चहाला तो नाही म्हणाला. मनोज चहाला नाही म्हणाल्याचं त्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. जाता जाता त्याने गोदाबाईंना बटणं तेवढी दाखवली.

"पाहा आजी, हे पुढं न्यायचं, हे मांगं. दाबलं का पी वाजते. पन एकेक नका दाबू, बोट दुखून जाईन. दाबून धरा. आकडे आपोआप पयतात."

"अन् लाइन गेली तं?"

"गेली तं गेली. आत बॅटरी हाय. हा मांगं पडतच नाई."

"म्हंजे कोनी याले हात लावाची गरजच नाई."

"नाई," गोपाल खुशीत म्हणाला आणि जुना टायमर पेपरात गुंडाळून भंगाराच्या पोत्यात टाकून आला.

लाइन गेली की घरात सगळे कुरकुरायचे. गेले काही आठवडे गोदाबाई तेवढ्या गप्प बसून ती येण्याची वाट पाहायच्या. दिसत काहीच नव्हतं. चाहूल नव्हती, चपलेचा आवाज नव्हता. पण बोळीतून कर्र, कर्र ऐकू आलं की त्यांना जेवण जायचं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते बंद होईल असं त्यांना वाटायचं. आता न सांगताच बंद झालं होतं.

संध्याकाळी लाइन गेली. दिवेलागणीच्या सुमारास परत आली. घरातली तिघंही पुढच्या खोलीत होती. गोपाल टीव्हीचा रिमोट हातात धरून बसला, पण त्याने टीव्ही लावला नाही. सीमाने गोपालच्या स्वेटरची गुंडी शिवता शिवता सुई थांबवली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

बोळीतून काहीच ऐकू आलं नाही. गोपालने सुटकेचा श्वास सोडला.

गोदाबाई शेंगांच्या सुपापुढून गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि बोळीत गेल्या. आतून पी-पी-पी असा सलग आवाज आला, थांबला. त्या परत येऊन सुपापुढे बसल्या.

"काय केलं, माय?"

"काई नाई. त्याले मांगं केलं थोडं."

"मांगं? आता तं बसवला बरोबर. काहून?"

"तुह्या बाबाले काई काम नको का मंग?"

सीमाने स्वेटर मांडीवरून खाली ठेवला. रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, तिचा आवाज दूर जाऊन विरला, आणि घर एवढं शांत झालं की सुपातले सोले सरकलेले ऐकू आले.

मग बोळीत एकदा वाजलं. पी.

बराच वेळ काही नाही. पुन्हा, पी.

नत्थुजी मोबाइलचं बटण असंच दाबायचे. एक दाबायचं, चष्म्यातून नीट पाहायचं, मग पुढचं. गोपालने त्यांच्यावर किती वेळा वैतागून मोबाइल हातातून ओढून घेतला होता. आता त्याने हातातला रिमोट हळूच खाली ठेवला.

पी.

गोदाबाईंनी शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. मान वर केली नाही.

"एकेक नका दाबू जी," त्या म्हणाल्या. "दाबून धरा."

आवाज थांबला. क्षणभर काहीच नाही. मग बोळीतून पी-पी-पी-पी असं सलग वाजायला लागलं.