तांडेलाचा आवाज

गाजलेल्या सागरी चित्रपटमालिकेवरचा एक व्हिडिओ गेम वीस वर्षांनी नव्याने सजवून बाजारात आला. त्यातल्या गलबत चालवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाचा मूळ आवाज विद्याधर नेरूरकरांचा. जुनं ध्वनिमुद्रण खराब झालं होतं, म्हणून कंपनीने पुन्हा त्यांनाच विचारलं. पण तोवर कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. कारण न सांगता त्यांनी नकार कळवला. मग कंपनीने एका नव्या नटाचा आवाज घेतला.

शुक्रवारी परीक्षणं आली. त्यांची मुलगी मृदुला मोबाइलवरून वाचून दाखवत होती. समुद्राचं, वादळाचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. मग ती अडखळली. त्यांनी हातानेच 'वाच' म्हटलं.

"'पण तांडेल काही जमला नाही. जुना आवाज वादळात धीर द्यायचा, हा नवा नट नुसती वाक्यं म्हणतो.'" तिने मान वर केली. "बाबा, सगळ्यांना तुम्हीच हवे आहात."

ते क्षणभर सुखावले आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. वही ओढून त्यांनी लिहिलं, 'त्या नटाला फोन लाव.'

त्यांनी लिहिलेला निरोप मृदुलाने फोनवर वाचला. "माझ्या पहिल्या कामालाही लोक हसले होते. तुझा तांडेल मला आवडला. काम सोडू नकोस."

पलीकडून त्या नटाने विचारलं, "सरांशी दोन मिनिटं बोलता येईल?"

"हो, बोला. बाबा ऐकतायत," मृदुला म्हणाली, आणि तिने फोन त्यांच्या कानाशी धरला.