जागता प्रवासी

विमान वर चढलं आणि घोषणा झाली, अंतर साडेआठ हजार किलोमीटर, उड्डाणाचा वेळ दहा तास. खिडकीजवळच्या बाईंनी लगेच मानेखाली उशी घेतली. शेजारचे काका मात्र पाठ ताठ करून समोर बघत बसले.

"झोपा की काका. दहा तास असेच बसणार?"

"बस चालवण्यात जन्म गेला माझा. शेजारचा पेंगायला लागला की ड्रायव्हरलाही झापड येते. आपण जागं राहावं."

बाईंना हसू आवरेना. "अहो, आपण पार शेपटाकडे बसलोय! ड्रायव्हर तिकडे बंद दाराआड. त्याला काय कळतंय?"

"कळतं," काका म्हणाले.

जेवणं झाली, खिडक्या बंद झाल्या, सगळं विमान घोरायला लागलं. बाईंना मध्येच जाग आली, तेव्हा काका डोळ्यांना पाणी लावत होते.

उतरताना दाराशी पायलट उभी होती. काकांना बघून तिने कमरेवर हात ठेवले.

"बाबा, डोळे बघा कसे लाल झालेत! जरासुद्धा झोपला नाहीत ना?"

बाई थबकल्याच. काकांनी लेकीच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्यांवरून हात फिरवला आणि मागे वळून बाईंना म्हणाले, "एवढीशी होती तेव्हा लांबच्या फेरीला माझ्याशेजारी इंजिनच्या झाकणावर बसायची. डोळे चोळायची, स्वतःला चिमटे काढायची, पण माझ्या गाडीत कधी झोपली नाही. आता हिच्या गाडीत मी झोपेन होय?"