घरामागचा पळस

शहाद्यातल्या हायकू कार्यशाळेत पाहुणे सर म्हणाले होते, "स्वतःचं लिहा." जागृतीनं लिहिलं:

दारास काटे
चुलीत थंड राख
कुत्रे एकटे

सरांनी मान हलवली. "छान. पण ऋतू कुठाय यात? हायकूत ऋतू हवाच."

"आहे ना सर. दिवाळी झाली की अख्खा पाडा दाराला काटे लावून गुजरातला ऊस तोडायला जातो."

"हो गं, पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार? सातपुड्यातली ना तू? मग फुललेला पळस घाल की! तीच तुझी ओळख."

जागृतीनं पळस लिहिला. खोडला. परत लिहिला, परत खोडला. शेवटी कागद फाटला तसं तिचं डोकंच फिरलं. तिनं पेन बाकावर आपटलं.

"अगं, चिडतेस काय? घरामागचा पळस आठव. फुलल्यावर कसा दिसतो?"

"मला काय माहीत, सर? तो फुलतो तेव्हा आम्ही उसाच्या फडात. परत येतो तेव्हा त्याला नुसती पानं असतात."