अर्धशिशीची गोळी

"घे गं, जल्दी तोंडात टाक. डोकं चढायच्या आत घेतली तरच गुण येतो."

द्वारकाबाईंनी गोळी सुनेपुढे धरली. बेबीनंदा मधल्या खोलीत डोळ्यांवर पदर ओढून पडली होती. डाव्या कानशिलात घण बसत होते. मस्तगडाच्या गल्लीतून एखादी लुना गेली तरी तिचा आवाज सोसवत नव्हता. तिने गोळीकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"आज न्हाई, आत्याबाई. उपास हाय."

"कशाचा? ना एकादस, ना चतुर्थी."

"धरलाय मनानंच एक."

"आगं, औषधानं उपास मोडत न्हाई. देव काय मोंढ्याच्या बाजारातला मुनीम हाय का, असं बारीक बघायला?"

"असू द्या."

द्वारकाबाईंनी गोळी परत पुडीत ठेवली. त्यांना वाईट वाटलं. पण कुणाच्या व्रताच्या आड त्या येत नसत. त्या स्वतः नेमाच्या. जांब समर्थला देवापुढे हात जोडून त्यांनी एक नेम धरला होता, कुणाला दिल्याशिवाय आपण खायचं नाही. भाकरी असो की बोरं, पहिला वाटा दुसऱ्याच्या हातावर. गोळीचंही तेच. त्यांच्या स्वतःच्या अर्धशिशीवर ती देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, ही तुमच्याच दुखण्याची गोळी आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नका. द्वारकाबाई घरी येऊन हसल्या होत्या. गुण आपल्यापुरता दडवून ठेवायचा, हे त्यांच्या नेमात बसत नव्हतं. गल्लीत कुणाचंही डोकं दुखलं की त्यांची पुडी सुटायची.

गेल्या वर्षी बेबीनंदाने ती गोळी घेतली होती. आत्याबाईंनीच मायेने, डोकं मांडीवर घेऊन दिली होती. तेव्हा दिवस गेल्याचं तिचं तिलाही नीट कळलेलं नव्हतं. आठवडा सरला नाही तोच पोट पडलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिने काय काय औषध घेतलं ते खोदून विचारलं. मग म्हणाले, "पोटुशा बाईला ही गोळी कधीच द्यायची नसते. पिशवी आवळते. त्यानंच गेलं असं मात्र मी म्हणणार नाही." हे आत्याबाईंच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं बेबीनंदाने दवाखान्याच्या पायरीवरच ठरवलं. नातवासाठी रोज दिवा लावणारी बाई ती. तिला हे कसं सांगायचं?

दारात बांगड्या वाजल्या. शेजारची कमरबी आली होती.

"द्वारकाबाई, वो तुमची डोक्याची गोळी हाय का? आमच्या नसीमाचं आर्धं डोकं फुटून राह्यलं. दर्ग्याचा अंगारा लावला, पण अंगारा बी आज सुट्टीवर हाय."

"हाय की. बस." द्वारकाबाईंनी खुशीने पुडी सोडली. "किती दिवसांनी आली गं पोर माहेराला?"

"सातवा लागला ना. आता बाळतपण होईस्तोवर इथंच."

आतून बेबीनंदाने हे ऐकलं. ती भिंतीला धरून उठली. उजेड डोळ्यांत सुईसारखा गेला. बोललं तर आत्याबाईंना सगळं कळणार होतं. गप्प बसलं तर गोळी नसीमाच्या पोटात जाणार होती. कमरबीने हात पुढे केला आणि बेबीनंदाने उंबऱ्यातूनच सासूचं मनगट धरलं.

"नका देऊ!"

"आगं, येडी का खुळी? दारात आलेल्याला न्हाई म्हन्त्यात का?"

"पोटुशीला ही गोळी बिलकुल चालत न्हाई. पिशवी आवळती. कमरचाची, नसीमाला आत्ताच डॉक्टरकडं न्या. सातव्यात असं डोकं दुखलेलं अंगावर काढू नका."

"या अल्ला!" कमरबीने हात मागे घेतला. क्षणभर दोघींकडे पाहिलं आणि ती घाईघाईने घरी पळाली.

बेबीनंदाने सासूचं मनगट सोडलं.

"तुला कुणी सांगितलं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"डॉक्टरनं."

"कवा?"

बेबीनंदाला खोटं बोलता आलं असतं. पण आज एकदा खोटं बोलून झालं होतं.

"मागल्या साली. आपलं गेलं तवा."

द्वारकाबाई चुलीपुढे खाली बसल्या. गोळी अजून त्यांच्या मुठीतच होती.

"माझ्याच हातानं..."

"तसं न्हाई म्हणाले ते. कशानं गेलं ते सांगता येत न्हाई म्हणाले. आपल्याला तवा ठावंच नव्हतं, आत्याबाई."

"वरीसभर बोलली न्हाईस."

"काय बोलू? तुम्ही अन्न सोडलं असतं."

द्वारकाबाईंनी पदराने तोंड झाकलं. खांदे हलत राहिले. बेबीनंदा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली, स्वतःचं डोकं फुटत असताना. मग द्वारकाबाईंचे खांदे थांबले. त्यांनी पदर हळूच खाली घेतला आणि सुनेच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"पोटुशीलाच चालत न्हाई ना ती गोळी?"

"व्हय."

"मंग आज तू का न्हाई घेतली?"

बेबीनंदाची मान खाली गेली. तिने पदर पोटावर ओढून घेतला.

द्वारकाबाईंनी मुठीतली गोळी पुडीत टाकली, पुडी वर फळीच्या टोकाला सरकवली आणि तव्याखालची चूल फुंकत म्हणाल्या, "संध्याकाळी डॉक्टरकडं जाऊ दोघी, तुला काय चालतं ते त्यायलाच इचारू. आधी दोन घास खा. उपाशी डोकं जादा दुखतं, अन् तू आता एकली न्हाईस."