पाठराखीण

"थेट हनिमूनला चाललीस म्हणून काय झालं? पाठराखीण हवीच!" असं म्हणत इंदूआत्या आमच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

हिमाचलातल्या नारकंड्याच्या एका सफरचंदाच्या बागेत, मोजक्या अकरा माणसांत आमचं लग्न झालं होतं. बाकीचे सांगलीला परतले. नव्या नवरीसोबत सासरी पाठराखीण जाते, हे मला माहीत होतं. हनिमूनला जाते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. "तीन दिवस ना? चालतंय की," माझा नवरा ऋतुपर्ण म्हणाला, पण त्याचा पडलेला चेहरा मला आरशात दिसत होता.

आत्या आजवर सोळा मुलींची पाठराखीण झाली होती. दरवेळी परक्या घराच्या माजघरात अंग चोरून बसायची, नाहीतर पोळ्या लाटायची. इथे लाटायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने साडी खोचली, बर्फात उतरली आणि नेम धरून जावयाच्या पाठीत गोळा हाणला. मग एवढी हसली, की हॉटेलातली माणसं बाहेर आली. आत्याला इतकं मोठ्याने हसता येतं, हे मला तिशीपर्यंत ठाऊकच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. नवरी रुळली की पाठराखिणीने परतायचं, असा रिवाज.

"रुळलीस ना गं? मग निघते मी."

मी काही बोलायच्या आत ऋतुपर्णने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"ती रुळलीय हो, आत्या. तुम्ही आत्ता कुठं रुळायला लागलाय."