मागची थाप

माणसाने अखेर काळावर ताबा मिळवला आहे, असं तनुजाने रविवारी सकाळी दहा वाजता जाहीर केलं. तळवड्याच्या तिच्या फ्लॅटमधल्या या खोलीत ढोलकीवर थाप पडली, की कॉम्प्युटर ती सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत अचूक टिपणार होता. त्यासाठी भिंतींना चार गोधड्या टांगल्या होत्या, पंखा बंद होता आणि मधोमध सतरंजीवर तिचे चिमाजीमामा मांडीवर ढोलकी घेऊन घामाघूम बसले होते. कानांवर हेडफोन.

मामांनी एक थाप मारली आणि वळून मागे बघितलं.

"कोन हाय मागं?"

"कोणी नाही मामा. तुमचीच थाप आहे."

"माझी मी मारली. ही दुसरी तिच्या मागनं आली."

तालासाठी हेडफोनमध्ये टिकटिक चालू होती. मामांनी आणखी चार थापा मारल्या. हेडफोनमधली थाप चारही वेळा टिकटिकीच्या मागे राहिली. मामांनी हेडफोन काढला आणि दोन्ही हातांनी सतरंजीवर ठेवला.

"म्हंजे सयाजी खरं बोलला."

सयाजी हा भजनी मंडळाचा प्रमुख. 'चिमाजी, हल्ली तुझा हात मागं पडतो,' असं त्याने गुरुवारी सगळ्यांदेखत सांगितलं होतं आणि मंडळाची ढोलकी उचलून स्वतःच्या पुतण्याच्या मांडीवर ठेवली होती. मामा आज स्वतःची ढोलकी घेऊन भाचीकडे आले होते ते निकाल घ्यायला. भोसरीत पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर बत्तीस वर्षं काढून दहाच्या दहा बोटं घरी आणलेला हा माणूस. हात वेळेवर निघाला नाही तर काय होतं, हे त्यांनी शेजारच्या मशीनवर पाहिलं होतं.

"हात नाही, मशीन उशीर करतंय," तनुजा म्हणाली.

"माझी समजूत काढू नगंस. तुझी मी लहानपनी अशीच काढायचो."

तनुजाला आयटी पार्कात दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो. आज ती स्वतःची शोधायला बसली. कॉम्प्युटरवर तिने आवाजावर काम करणारी अकरा छोटी सॉफ्टवेअरं, म्हणजे प्लगिन, लावून ठेवली होती. कोणी आवाज गोड करायचं, कोणी घुमारा कमी करायचं, कोणी रस्त्यावरच्या रिक्षा गाळायचं. सगळी फुकट मिळाली होती, त्यामुळे एकही सोडवलं नव्हतं. मामांची थाप या अकरा जणांच्या हातांतून फिरून मग मामांच्या कानात पोचत होती.

"अकरा?" मामा म्हणाले. "एका नगावर अकरा इन्स्पेक्टर?"

"तसंच समजा."

"मग गाडी कवा भरायची?"

तिने एकेक प्लगिन बंद करायला घेतलं. दर वेळी मामा हेडफोन लावून एक थाप मारायचे आणि दुखरा दात दाखवावा तसं "अजून हाय" म्हणायचे. मधल्या वेळात ते बोलत राहिले. खंडेनवमीला कंपनीत मशीनींना हार घालून झाले, की दोन ढोलक्या निघायच्या. एक मामांची, एक प्रेसचे साचे बसवणाऱ्या डायफिटर मीरासाहेबाची. मीरासाहेब मामांच्या उजवीकडे बसायचा आणि त्याची थाप कायम केसभर मागे.

"पंचवीस वर्सं शिव्या घातल्या त्याला. म्हनायचा, चिमाजी, तू फुडं हो, मी आलोच."

"आता कुठे असतात?"

"रावेतला, पोराकडं. अकराव्या मजल्यावर. तितं ढोलकीला हात लावायचा तर सोसायटीचा ठराव लागतो."

साडेबाराला तनुजा नवव्या प्लगिनपाशी थांबली. "सापडलं. मागची घरघर गाळणारं. हे पुढे काय येतंय ते आधी बघतं, आणि मगच हातातलं सोडतं."

"असा एक होता आमच्या क्वालिटीत. लई सज्जन मानूस. त्याच्यापायी लाइन थांबायची."

तिने ते बंद केलं. मामांनी थाप मारली.

एकच थाप.

मामांनी पुन्हा मारली. मग डोळे मिटले आणि टिकटिकीवर ठेका धरला. तनुजाने दोन मिनिटं रेकॉर्ड केलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मामांनी चष्मा चढवला.

"ह्या रेघा कुनाच्या?"

"टिकटिकीच्या."

"आन् हे डोंगर माझे?"

"तुमचे. बघा, प्रत्येक रेघेवर एक."

मामांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. काचेवर बोट ठेवून पहिल्या डोंगरापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक नग तपासला. एकही रिजेक्ट निघाला नाही. मग ते स्वतःच्या हातांकडे बघत बसले. बोटं मिटली, उघडली.

"पाठवू सयाजीकाकांना?"

"पाठीव. खाली काय लिवू नगं. डोंगर दिसले की झालं."

तनुजाने पाठवलं, खुर्चीत मागे रेलली आणि पंख्याच्या बटणाकडे हात नेला. "झालं मामा. आता एक पूर्ण अभंग होऊ दे. सगळं साफ आहे, मध्ये कोणी नाही."

मामांनी हेडफोन लावला. दोन आवर्तनं वाजवली आणि थांबले. उजवीकडे बघितलं. तिकडे गोधडी होती. मग ढोलकी उचलून ते सतरंजीवर हातभर डावीकडे सरकले आणि पुन्हा मांडी घातली.

"तनू, पंखा राहू दे," ते म्हणाले. "त्यो नववा जरा परत लाव."