सातमीची शेगडी

खट्. खट्. भस्स.

फाल्गुनीच्या हातातला थेपल्याचा घास तोंडाशीच थांबला. शीतळा सातमीला अख्ख्या आळीत कुणाच्या घरी लायटर वाजत नाही. आदल्या दिवशीच सगळं रांधायचं, शेगडी थंड करून तिला कुंकू लावायचं, आणि आज गारच जेवायचं.

ती ताटली घेऊनच स्वयंपाकघरात धावली. शेगडीवरचं कुंकू पुसून सासूबाई, समजुबा, मुगाची खिचडी चढवत होत्या.

"बा! आज सातम!"

"मला शिकवतेस? आण ती ताटली इकडे. कालचं दही, कालचे थेपले! डॉक्टरांनी काय बजावलंय?"

फाल्गुनीला ते पाठ होतं. गेल्या वर्षी अंगभर फोड येऊन कातडी सोलवटली होती. रोजच्या गोळ्यांनी ती निवली, पण त्याच गोळ्यांनी रोगांशी लढणारा अंगातला पहाराही झोपवला. शिळंपाकं वर्ज्य. दिवाळीत पाहुण्यांकडे खाल्लेल्या घासानं असा ताप चढला, की घरच्यांनी तिची आशाच सोडली होती.

"एका दिवसानं काय होतंय, बा? पोरीसाठी खातेय मी."

"हो, खा. मग हेलीची वेणी कोण घालणार? मी? माझा हात लागला की किंचाळते ती."

फाल्गुनीला हसू आलं, आणि डोळेही भरले. "पेटवायचीच होती तर मला उठवायचं. मी पेटवली असती."

"म्हणून तर आधी उठले." समजुबांचा आवाज खाली आला. "तू नाही पेटवायची. पदरात लेकरू आहे तुझ्या."

आज देवी शीतळामा थंड चुलीवर लोळायला येते. चूल तापलेली असली तर भाजते, आणि जिनं पेटवली तिच्या पोटच्या लेकराला शाप देते. समजुबाच दर सातमीला ही गोष्ट रंगवून सांगत.

खिचडी शिजली. समजुबांनी ताटात वाढली, वर तुपाची धार धरली. "गरम आहे तोवर खा."

फाल्गुनीनं पहिला घास घेतला. बाहेर तिच्या नवऱ्यानं कामावर जायला मोटारसायकलला किक मारली. दारात उभी राहून हेली कधीची शेगडीकडे बघत होती. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाशी विरला, तशी ती आजीजवळ आली.

"बा, पप्पा तुझं लेकरू ना?"